वाईतले अकरा महिने : निवृत्तीसाठी एक गाव राहून पाहिले

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, ही गोष्ट आमच्या चांगलीच पथ्यावर पडली. डोंबिवलीचे घर विकून कुठेतरी डोंगराच्या पायथ्याशी बंगला बांधायचा, की ज्या फलाटावर तीस वर्षे धक्के खाल्ले त्याच्याच हाकेच्या अंतरावर उरलेले आयुष्य काढायचे, यावरून माझे आणि यजमानांचे निवृत्तीच्या आधीपासून वाद होत असत. त्यांना रान हवे होते, मला गाव हवे होते. शेवटी "आधी राहून बघू, मग बोलू" एवढ्यावर तडजोड झाली. त्यानुसार गेल्या वर्षीच्या जूनपासून यंदाच्या एप्रिलअखेरपर्यंत आम्ही सातारा जिल्ह्यातल्या वाईत राहिलो. पहिले साडेपाच महिने गावाबाहेर, मेणवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या शेताला लागून असलेल्या एका रो-हाउसमध्ये काढले, आणि पुढचे साडेपाच महिने भर गावात, घाटापासून दोन आळ्या वर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. दोन्ही पत्त्यांवर वाईच लिहिलेले असे, पण दोन्हींना मिळून एकच गुण देणे मला जमणार नाही. गावातल्या वाईला मी पाचपैकी चार देईन आणि गावाबाहेरच्या वाईला अडीच. त्यातला अर्धा केवळ पांडवगडाच्या दर्शनासाठी.

असे परीक्षण वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची प्रकृती ठाऊक असलेली बरी. मी ६२ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. यजमान ६७ वर्षांचे, रेल्वेच्या कारखान्यात होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि माझा उजवा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो. मुलगी बंगळुरूला असते, म्हणजे अडीअडचणीला धावून येईल, पण संध्याकाळपर्यंत. घरात गाडी एकच, आणि ती यजमानच चालवतात. मी दोनदा शिकायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा क्लचपाशीच थांबले.

वाईच्या आधी दोन जागा आम्ही पाहून सोडल्या होत्या. पहिली दापोली तालुक्यातल्या सासरच्या घराची. जांभ्या दगडाचे ते घर चुलत-मावस धरून सात जणांच्या नावावर आहे, त्यामुळे कौले फेरायची म्हटली तरी सात फोन करावे लागतात. २०२० सालच्या ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने पोफळीची बाग आडवी केली ती अजून पुरती उभी राहिलेली नाही, आणि जी रोपे लावली त्यांच्यावर वानरांच्या टोळीचा पहिला हक्क आहे. तीन वर्षांपूर्वी एक अख्खा पावसाळा आम्ही तिथे काढला. पावसाबद्दल माझी तक्रार नाही, तो कोकणातला पाऊस आहे आणि त्याने तसेच पडावे. परंतु अंगणातून न्हाणीघरापर्यंतच्या चिऱ्यांवर जे शेवाळ धरते त्यावरून साठीच्या माणसाने दिवसातून चार वेळा ये-जा करणे म्हणजे रोज एक डाव खेळण्यासारखे आहे. दापोली शहरात डॉक्टर आहेत, बाजार आहे, कृषी विद्यापीठामुळे एक प्रकारची शिस्त आणि वर्दळही आहे, पण आमचे घर शहरापासून चौदा किलोमीटर आत आणि शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाची. ते घर सुट्टीसाठी ठेवले.

दुसरी जागा पुण्याच्या सीमेवरच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलाची. तिथे चार दिवस पैसे भरून नमुन्यादाखल राहता येते. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ साली अशा संकुलांसाठी नियमावली काढली आहे. तिच्यात चाकाची खुर्ची सहज जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात आधाराचे दांडे अशा गोष्टी सांगितल्या आहेत. मी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन गेले होते आणि सांगायला हरकत नाही की त्या संकुलाने परीक्षा उत्तम गुणांनी पार केली. जेवणात मीठ कमी, बोलण्यात आदर जास्त, पलंगाच्या उशाशी लाल बटण. तरीही चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, "इथे एकही शाळा सुटत नाही." मला आधी कळले नाही, मग लक्षात आले की चार दिवसांत आम्ही साठीच्या आतला माणूस फक्त गणवेशात पाहिला होता. फाटकाबाहेर महामार्गाचा सेवा रस्ता आणि पहिले किराणा दुकान अडीच किलोमीटरवर. ज्यांना आज ना उद्या कुणाच्या तरी देखरेखीची गरज पडणार आहे त्यांना ती जागा मी निःशंकपणे सुचवीन. आम्ही अजून तिथवर आलेलो नाही, असे आम्हाला वाटते.

वाईची निवड मात्र नकाशा पसरून केली. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळा पुण्यासारखाच, पण रात्र पडली की हवा पालटते. महाबळेश्वरचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि तिथून जेमतेम बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही, कारण डोंगराची भिंत मध्ये आहे. ज्यांना सांधेदुखी आहे त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल. पसरणीचा घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी, दुसऱ्या बाजूला पस्तीस किलोमीटरवर सातारा, आणि सुरूर फाट्यावरून महामार्गाला लागले की नव्वद किलोमीटरवर पुणे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. हा आकडा मला सर्वांत आवडला. एवढ्या वस्तीत दोन-चार प्रकारचे डॉक्टर, रक्त तपासणीची लॅब, बँका, चष्म्याचे दुकान हे सगळे पोसले जाते, आणि तरीही तिसऱ्या महिन्यात भाजीवाली ओळखू लागते.

गावाबाहेरचे घर यजमानांनी निवडले आणि पहिल्या दिवशी मीही त्यांच्याशी भांडू शकले नाही. वरच्या मजल्यावरच्या गच्चीतून समोर पांडवगड, खाली उसाची हिरवी चादर, मध्ये हळदीचे दोन पट्टे, आणि पावसाळ्यात सकाळी सगळ्या खोऱ्यावर असे धुके की चहाचा कप हातात थंड व्हावा. मेणवलीचा घाट चालत वीस मिनिटांवर. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या त्या घाटावर एका छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. रोज सकाळी तिच्यापर्यंत जाऊन परत यायचे, असा यजमानांचा नेम जून ते ऑक्टोबर एकदाही चुकला नाही. त्यांचा रक्तदाब या काळात इतका सुधारला की डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. ही नोंद प्रामाणिकपणे करते आहे, कारण पुढे मी त्या घराबद्दल बरेच वाईट बोलणार आहे.

अडचणी एकदम आल्या नाहीत, त्या एकेक करून उंबऱ्याशी येऊन बसल्या. दळण दळायला गावात जायचे, म्हणून गाडी काढायची. कोथिंबीर विसरली, गाडी काढायची. गॅसवाला पत्ता सापडत नाही म्हणून चौकातून त्याला घेऊन यायचे, पुन्हा गाडी. रस्त्यावर वडाप चालते, पण त्या जीपमध्ये अकरावा माणूस म्हणून कडेवर टेकण्याचे माझे वय राहिलेले नाही आणि संध्याकाळी सातनंतर तेही मिळत नाही. वस्तीतल्या बारा रो-हाउसपैकी सात पुण्या-मुंबईच्या लोकांची, शनिवारी उघडणारी आणि रविवारी दुपारी बंद होणारी. सोमवार ते शुक्रवार रात्री आठ वाजता आमच्या रांगेत दोन दिवे असत. ऊस डोक्याएवढा वाढल्यावर "बिबट्या दिसला" अशी बातमी दर पंधरवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागली. मला तो कधी दिसला नाही, परंतु सातनंतर अंगणात न जाण्याइतका तो आमच्या घरात राहत होता. वीज गेली की मोटर बंद, मोटर बंद की वरची टाकी रिकामी, हे गणित तर कोणत्याही आडबाजूच्या घराला चुकत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यजमानांच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साताऱ्यात झाली. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची आणि अगदी सुरळीत. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या : पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे आणि पुढच्या तपासणीपर्यंत गाडी चालवायची नाही, धुळीत तर मुळीच जायचे नाही. मी मान डोलावली आणि घरी आले तर शेजारच्या शेतात ऊसतोड सुरू झालेली. तोडणीनंतर उरलेले पाचट पेटवतात; त्या रात्री वाऱ्याबरोबर काळी, लांबट, केसासारखी राख खिडकीच्या जाळीतून आत आली आणि सकाळी यजमानांच्या उशीवर, पट्टी बांधलेल्या डोळ्याच्या बरोबर शेजारी, तिची एक रेघ पडलेली होती. शेतकऱ्याला काय बोलणार? शेत त्याचे, ऊस त्याचा, आणि तिथे आम्हीच नंतर आलेलो.

चौथ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, थेंबांची बाटली माझ्या हातून निसटून मोरीत पडली. दुसरी आणणे भाग होते. वस्तीत त्या दिवशी कोणी नव्हते, रिक्षावाल्याचा फोन लागेना, गाडी दारात उभी आणि ती चालवू शकणारा एकमेव माणूस एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून माझ्याकडे बघत होता. मी विजेरी घेऊन चालत निघाले. तीन किलोमीटर म्हणजे काही फार नव्हे. सकाळी मेणवलीला जाऊन-येऊन तेवढेच होते. पण रात्री त्या रस्त्याला कडा नसते. साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर एकामागे एक दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांमुळे चालकाला जगातले दुसरे काही ऐकू येत नाही. पहिली ट्रॉली गेली तेव्हा उसाचे पान माझ्या दंडाला घासून गेले. मी तिथेच चारीत उतरून उभी राहिले आणि खरे सांगायचे तर मला रडू आले. दुधाचे कॅन घेऊन येणारा एक मुलगा थांबला, "बसा काकू, स्टँडवर सोडतो" म्हणाला, आणि दोन कॅनच्या मधोमध बसवून त्याने मला औषधाच्या दुकानापर्यंत नेले आणि परतही आणून सोडले. पैसे घेतले नाहीत. वाईला मी दिलेल्या गुणांत त्या मुलाचा वाटा आहे, मात्र त्या रस्त्याचा नाही.

त्या रात्री आमचा जुना वाद मिटला. निवृत्तीनंतर कुठे राहावे याचा विचार आम्ही आजवर सकाळच्या नजरेने करत होतो, गच्चीवरून काय दिसते, हवा कशी आहे, पक्षी कोणते येतात. तो विचार गाडी चालवणाऱ्या माणसाचा होता. आज ना उद्या आमच्या घरात गाडी चालवणारे कोणीच नसणार आहे, आणि जी जागा त्या दिवसासाठी घ्यायची तिची चाचणी गाडीची किल्ली खणात ठेवूनच करायला हवी. डोळ्याच्या निमित्ताने आम्हाला ती चाचणी फुकटात घडली.

घर बदलणे सोपे गेले नाही. करारातली किमान तीन महिने राहण्याची अट आधीच उलटलेली होती, तरीही ५० हजारांच्या अनामत रकमेतून रंगकामाचे म्हणून ९ हजार कापले गेले; भिंतींवर आमच्याकडून खिळासुद्धा ठोकला गेला नव्हता. इथे एक गोष्ट नोंदवते, कारण अनेकांचा गैरसमज असतो. करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात खरे नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आमच्या पहिल्या घरमालकाने "कशाला उगाच खर्च" म्हणून ती टाळली आणि मी बँकेत जन्म घालवूनही गप्प बसले. नोंदणी असती तर ९ हजारांचे बोलणे वेगळ्या सुरात झाले असते.

दुसरे घर शोधताना मी नदीपासून सुरुवात केली. वाईला कृष्णेवर सात घाट आहेत आणि घाटाला लागून असलेली घरे मोहात पाडणारी आहेत, पण ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत एकदा नीट पाहावी. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाचा मागचा भाग माशासारखा निमुळता केलेला आहे, पुराचे पाणी आदळून दोन्ही बाजूंना फुटावे म्हणून. ज्या गावात देवाच्या भिंतीलाही पुराचा हिशेब ठेवावा लागतो तिथे भाडेकरूने तो न ठेवणे बरे नव्हे. आमच्या आताच्या घरमालकीण काकूंना मी पहिला प्रश्न तोच विचारला. त्या मला बाहेर घेऊन गेल्या, ओट्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "धोम धरणाचं पाणी सोडलं की देवळात शिरतं, आपल्या आळीत येत नाही. माझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, एकदाच ह्या खालच्या पायरीला टेकलं होतं." खालची पायरी आणि आमचा उंबरा यांत आणखी चार पायऱ्या आहेत. घर घेतले.

हे घर दिसायला काहीच नाही. दोन खोल्या, मागे फरसबंद चौक, चौकात पारिजातक, एका भिंतीला ओल. पांडवगड दिसत नाही. तो पाहायचा तर घाटावर जावे लागते, आणि घाट चार मिनिटांवर आहे. औषधाचे दुकान माझ्या पावलांनी एकशे चाळीस पावलांवर, गिरणी त्याच्या पुढे, भाजी कोपऱ्यावर, एसटी स्टँड बारा मिनिटांवर. साताऱ्याला तपासणीसाठी जायचे तर आम्ही एसटीनेच जातो. यजमानांना ६५ पूर्ण झाल्यामुळे आणि मला महिला म्हणून अर्धेच तिकीट पडते, म्हणजे दोघांचा प्रवास एका तिकिटात होतो. दहा वाजता शाळेची मुले आरडाओरडा करत जातात, पाच वाजता त्याहून मोठ्याने परत येतात, आणि यजमान त्या दोन्ही वेळांना न चुकता ओट्यावर असतात. त्यांचा मेणवलीचा नेम मोडेल अशी मला भीती होती. तो बदलला एवढेच : आता ते घाटाच्या पायऱ्यांवरून, मग नदीकाठाने चालतात आणि परतताना पेपर आणि दूध घेऊन येतात. गावाच्या कडेला रान संपत नाही, तिथून सुरू होते; पंधरा मिनिटे चालले की तोच ऊस, तोच पांडवगड, फक्त संध्याकाळी परत यायला दिवे असलेला रस्ता.

बौद्धिक सोयीच्या बाबतीत एवढ्या लोकसंख्येचे दुसरे गाव मला ठाऊक नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे हे गाव. प्राज्ञपाठशाळा इथली, आणि मराठी विश्वकोशाचे काम ज्या कार्यालयातून चालत आले ते गंगापुरीत आहे. पहिला खंड १९७६ साली आला तेव्हा आमच्या शाळेत त्याची केवढी अपूर्वाई होती ते मला आठवते, आणि आता बाजाराला जाताना त्या इमारतीवरून जावे लागते याचे अजून नवल वाटते. लोकमान्य टिळक स्मारकाच्या ग्रंथालयात आम्ही दोघेही सभासद झालो. हिवाळ्याच्या अखेरीस कृष्णाबाईचा उत्सव होतो, आळीपाळीने एकेका घाटावर. मांडव पडतो, कीर्तन होते, पंगती बसतात. आमच्या घाटाच्या उत्सवात काकूंनी मला न विचारताच नाव देऊन टाकले आणि मी तीन दिवस पोळ्या लाटल्या. गावाबाहेरच्या घरात साडेपाच महिन्यांत माझ्याकडे कोणी काही काम सांगितले नव्हते. नव्या माणसाला गावाने सामावून घेतले की नाही याची खूण माझ्या मते आमंत्रणात सापडत नाही. काम सांगण्यात सापडते.

आता एक गुण कुठे कापला ते सांगते. शनिवार-रविवारी आणि प्रत्येक जोडून आलेल्या सुट्टीला पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी मोटार-सृष्टी या गावातून जाते, आणि तेव्हा रस्ता ओलांडायला मी पाच-सात मिनिटे उभी राहिलेली आहे. पदपथ आहेत तिथे दुकानांचे सामान आहे. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती लागतात. हृदयविकार असलेल्या माणसाच्या खिडकीची काच त्या आवाजाने थरथरताना मी हात लावून पाहिली आहे, आणि त्यावर सोय एकच, त्या दोन रात्री पाचगणीला खोली घेणे. घाटांवर चित्रीकरण चालते तेव्हा फिरायची वाट अडते, पण यजमानांना ते बघायला आवडते म्हणून ती तक्रार मी मागे घेते. जुन्या घरांचा आणखी एक दोष असा की ती तरुणांसाठी बांधलेली आहेत. आमच्या न्हाणीघराच्या दाराची रुंदी माझ्या मोजपट्टीवर ६४० मिलिमीटर भरली आणि उंबरा चार बोटे उंच आहे. पुण्याच्या त्या संकुलाची आठवण मला रोज सकाळी एकदा, आंघोळीच्या वेळी, येते.

वैद्यकीय सोयीबद्दल कुणालाही भ्रमात ठेवू नये. ताप, रक्तदाब, मधुमेह, मोडलेले हाड, छोटी शस्त्रक्रिया यांसाठी वाईत चालत जाण्याच्या अंतरावर डॉक्टर आहेत आणि ते घरीही येतात, ही गोष्ट डोंबिवलीतून कधीच हद्दपार झालेली आहे. परंतु हृदयाच्या झटक्यासाठी साताऱ्याला किंवा पुण्याला जावे लागेल. आम्ही म्हणून एकदा तालीमच केली. रात्री साडेनऊला ओळखीच्या रिक्षावाल्याची मोटार ठरवून साताऱ्याच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत गेलो : पंचेचाळीस मिनिटे. मग एका रविवारी संध्याकाळी पुण्याला निघालो, तर महामार्गावरच्या गर्दीत साडेतीन तास गेले. ज्यांच्या हृदयाची स्थिती आज नाजूक आहे त्यांनी पंचेचाळीस मिनिटेही जास्तच धरावीत आणि साताऱ्यातच घर पाहावे. आम्ही डॉक्टरांशी बोलून, त्यांनी दिलेली गोळी पाकिटात ठेवून, हा धोका पत्करला आहे.

जमिनीबद्दल थोडक्यात. वाईत सहा महिने राहिलेल्या प्रत्येक निवृत्त माणसाला कोणीतरी धोम धरणाच्या रस्त्याला जमीन दाखवायला नेतोच. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. यजमानांचे नाव कोकणातल्या सात-बाऱ्यावर असल्याचे कळताच दलालाच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते पाहण्यासारखे होते. दाखवलेले पाच गुंठ्यांचे तुकडे एकाच सामाईक सात-बाऱ्यावर होते, म्हणजे कागदोपत्री आमचा हिस्सा असणार, पण तो नेमका कुठला हे फक्त दलालाच्या नकाशावर. यजमानांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले. नंतर स्टँडवर मिसळ खाताना त्यांनी स्वतःच विचारले, "तिथून थेंब आणायला कोण गेलं असतं?" तो विषय त्यानंतर निघालेला नाही.

खर्चाचे म्हणाल तर बाहेरच्या घराचे भाडे ११ हजार होते आणि गावातल्याचे ८ हजार. शिवाय पेट्रोल निम्म्याहून कमी झाले. डोंबिवलीची जागा आम्ही विकलेली नाही, १९ हजारांनी भाड्याने दिली आहे, आणि ती विकायची नाही यावर आता दोघांचेही एकमत आहे. रान, गाव आणि शहर यांतले शहर हातचे राखून ठेवणे परवडत असेल तर ठेवावे. आपली ओळखीची इस्पितळे, बहीण-भाऊ, जुने सहकारी तिकडेच असतात.

आमचा करार एप्रिलअखेर संपला आणि वाईची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात असते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी हे गाव मुळात पसंत केले होते तीच अकरा महिन्यांतून सुटली होती. तेवढ्यासाठी म्हणून काकूंना एक महिना वाढवून मागितला, तर त्या म्हणाल्या की त्यापेक्षा पुन्हा अकरा करा. केले. या वेळी करार नोंदवला आहे, आणि त्यात माझ्या आग्रहाने एक कलम जास्तीचे घातले आहे : भाडेकरूस स्वखर्चाने न्हाणीघराचा उंबरा काढून टाकण्याची आणि भिंतीला आधाराचा दांडा बसवण्याची परवानगी राहील. काकूंनी ते वाचले, चष्मा वर केला आणि गवंडी येईल तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांच्याकडेही एक दांडा बसवून द्यायला सांगितले.